मोरसला गेलेल्यांचा माग



आज हप्त्याचं, बँकेच्या कर्जाचं किंवा कुठल्या योजनेचं बोलायचं नाही. आज थोडं इतिहासाचं बोलू. राजेरजवाड्यांचा इतिहास आपण शाळेत शिकलो. आजचा इतिहास आपल्यासारख्याच घरांतून उठून गेलेल्या माणसांचा आहे.

घरात एखादी जुनी आजी असेल तर तिला विचारून बघा, "आजी, मोरस साखर म्हणजे कुठली गं?" ती सांगेल, पांढरी, दाणेदार, दुकानातली साखर. गूळ घरचा असायचा आणि मोरस साखर सणाला, नाहीतर पाव्हणा आला तर निघायची. आता हा 'मोरस' शब्द कुठून आला? ते एका बेटाचं नाव आहे. मॉरिशस. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचं मोरस झालं. हे बेट हिंदी महासागरात आहे, पार आफ्रिकेच्या बाजूला, मादागास्करच्या पूर्वेला. एवढंसं बेट, आपला पुणे जिल्हा त्याच्या सातपटीहून मोठा. पण एका काळी तिथं जिकडं बघावं तिकडं ऊस होता, आणि तिथली साखर जहाजानं मुंबईला उतरून आपल्या घरापर्यंत येत होती.

साखरेबरोबर बेटाचं नाव आपल्याकडं आलं. तो ऊस लावायला, खुरपायला आणि तोडायला आपल्या मराठी मुलखातून बाया-माणसं गेली होती, ही गोष्ट मात्र आपल्याकडं फारशी आली नाही. म्हणून ती आज सांगते.

करारावर गेलेली माणसं

मॉरिशसवर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. इंग्लंडच्या पार्लमेंटनं १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि मॉरिशसमध्ये तो १८३५ मध्ये लागू झाला. मळेवाल्यांना मजूर हवे होते. ते त्यांनी हिंदुस्थानातून न्यायचं ठरवलं. गुलाम म्हणून नव्हे, करार करून. मुदत बहुतेक पाच वर्षांची. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. ॲग्रीमेंट या शब्दाचं लोकांनी 'गिरमिट' केलं आणि करारावर जाणाऱ्याला गिरमिटिया म्हणू लागले.

२ नोव्हेंबर १८३४ ला कलकत्त्याहून 'ॲटलस' नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन मॉरिशसला लागलं. आजही तो दिवस तिथं सरकारी सुट्टीचा असतो, आलेल्या पूर्वजांची आठवण म्हणून. मधे काही वर्षं मजूर नेण्यावर बंदी आली, कारण फसवून नेतात, हाल करतात अशी ओरड झाली. १८४२ च्या कायद्यानं कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरं पुन्हा उघडली. तिथून पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मॉरिशसला साडेचार लाखांवर माणसं गेली. सगळ्यांत जास्त बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशच्या पूर्व भागातली, त्याखालोखाल मद्रासकडची. मुंबईहून गेलेली सगळ्यांत कमी, पण तीही हजारोंनी मोजावीत इतकी. त्यांत रत्नागिरी आणि कोकणपट्टीची जास्त. सातारा, पुणे अशा घाटावरच्या जिल्ह्यांतलीही होती.

माणूस आपलं गाव का सोडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १८१८ मध्ये पेशवाई गेली. पुढं १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी करून नवा सारा बसवला. तो इतका जड होता, की लोकांनी शेतं टाकून दिली आणि कितीतरी कुटुंबं शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेली. शेवटी तो सारा रद्द करून १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत सुरू करावी लागली. भीमेच्या आणि घोडनदीच्या खोऱ्यातला आपला हा भाग पावसाच्या भरवशावरचा. तेव्हा कालवा नव्हता, धरणं नव्हती. एक वर्ष पाऊस चुकला की सावकार आणि दोन वर्षं चुकला की वाट धरायची. रेल्वेसुद्धा नव्हती. पुण्याहून दौंडवरून डिकसळपर्यंत गाडी सुरू झाली १८५८ मध्ये, आणि बोरघाटातला रस्ता गाडीला खुला झाला १८६३ मध्ये. मुंबईहून मोरसला जाणाऱ्यांची मोठी लाट १८४० ते १८६० च्या दशकांतली. म्हणजे त्यातली कितीतरी माणसं घाट पायीच उतरली असणार. एखादा ओळखीचा नाहीतर दलाल भेटायचा, काम आहे म्हणून सांगायचा. किती लांब, ते सांगायचा नाही.

शिडाच्या जहाजातून काही आठवडे प्रवास करून ही माणसं पोर्ट लुई बंदरात उतरत. १८४९ मध्ये तिथं या मजुरांसाठी एक तळ बांधला. बंदरावरून वर चढायला १६ दगडी पायऱ्या. त्या जागेला आता 'आप्रवासी घाट' म्हणतात आणि २००६ पासून तो जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. त्या पायऱ्या चढून वर आलं की नोंद व्हायची, आणि तिथून मळ्यावर रवानगी.

मळ्यावरचं जिणं कसं होतं ते एका नियमावरून कळतं. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. सुरुवातीला मुदत संपल्यावर परतीचं भाडं मिळायचं, १८५० च्या दशकात तेही बंद झालं. मुदत संपलेल्या माणसालासुद्धा पास जवळ बाळगावा लागे, नाहीतर पोलीस धरत. याविरुद्ध १८७१ मध्ये जुन्या मजुरांनी एक अर्ज केला, त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या-निशाण्या होत्या. त्यातून चौकशीसाठी इंग्लंडहून आयोग आला. वर १८६६ ते ६८ मध्ये हिवतापाची अशी साथ आली, की हजारोंनी माणसं गेली.

जी टिकली त्यांनी पुढं काय केलं? १८८० च्या दशकापासून मळेवाले कडेच्या हलक्या जमिनी तुकडे पाडून विकायला लागले. मजुरांनी मजुरीतून मागं टाकलेल्या पैशांनी, बायकांच्या अंगावरच्या डागांनी ते तुकडे घेतले. त्यावर घरं उठली, वाड्या झाल्या, गावं झाली. अशा गावांत बैठकीची जागा असायची, तिथं पोरं भाषा शिकायची, भजनं व्हायची. मॉरिशसच्या पश्चिमेकडं कास्कावेल नावाचं एक छोटं गाव आहे. तिथं १८९६ पासून मराठी माणसं गणपती बसवतात असं सांगतात. पुण्यात लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला सुरुवात केली १८९३ च्या सुमारास. म्हणजे फार मागं नाहीत ती. आज गणेश चतुर्थीला अख्ख्या मॉरिशसला सुट्टी असते. मराठी शाळांत शिकवतात. कोकणातल्या जाखडीसारखा नाच तिथं 'झाकरी' नावानं अजून होतो.

या गिरमिट पद्धतीविरुद्ध आपल्या पुण्याचे नामदार गोपाळ कृष्ण गोखले बोलले, हेही लक्षात ठेवा. ४ मार्च १९१२ ला त्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात ही पद्धत बंद करा असा ठराव मांडला. ठराव पडला, २२ विरुद्ध ३३ मतांनी. पण लोकमत तापलं. १९१७ मध्ये अशी माणसं पाठवणं थांबलं आणि १९२० मध्ये ही पद्धत कायमची गेली.

परागंदा

हे सगळं मी का शोधत बसले, ते सांगते. आमच्या सासरी वारस नोंदीच्या वेळी सासऱ्यांनी जुन्या कागदांवरून वंशावळ उतरवून काढली. मोठ्या कागदावर झाडासारखी. त्यात मागं पाच-सहा पिढ्यांवर खापरपणजोबांचा एक चुलता आहे. त्याच्या नावापुढं एकच शब्द, परागंदा. म्हणजे गाव सोडून गेलेला, ठावठिकाणा नसलेला. त्याच्या फांदीला पुढं पान नाही. घरातली जुनी माणसं म्हणायची, तो मोरसला गेला, बायकोला घेऊन गेला. दुसरे म्हणायचे, मुंबईलाच राहिला असेल.

'बायकोला घेऊन गेला' हे तोंडी आहे. कागदावर ती बायको नाही. तिचं नाव नाही, तिचं माहेर नाही. खरं म्हणजे त्या कागदावर कुठलीच बाई नाही. इतक्या पिढ्या, इतकी लेकरं झाली, ती काय झाडाला लागली? पण वंशावळ काढायची रीतच तशी, बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. कागद सासऱ्यांनी नीट काढला, त्यांना ज्या नोंदी मिळाल्या त्याच त्यांनी लिहिल्या. नोंदीतच बाया नव्हत्या.

आता मोरसला काय नोंद व्हायची ते ऐका. बंदरात उतरलेल्या प्रत्येक माणसाला एक नंबर मिळायचा. पुरुषाला, बाईला, पोरालासुद्धा. पाच वर्षांच्या पोरीला वेगळा नंबर. त्या नंबरापुढं वहीत लिहायचे: नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, कुठल्या जहाजानं आली, कुठल्या मळ्यावर गेली. खूण म्हणजे जखमेचा वण, देवीचे व्रण, गोंदण. १८६० च्या दशकापासून फोटोही काढू लागले. या वह्या आणि फोटो आज मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेत.

त्या वह्या काही माणुसकीपोटी ठेवलेल्या नव्हत्या. मजूर पळाला तर धरता यावा, एका नंबरामागं किती काम वसूल करायचं ते कळावं, यासाठी त्या होत्या. बायकांची गणतीही कायद्यापोटी व्हायची, कारण शंभर पुरुषांमागं अमुक बायका पाठवायच्या असं सरकारनं ठरवून दिलं होतं. पुढच्या काळात हा आकडा बहुतेक ठिकाणी चाळीस होता. जनावराला बिल्ला मारतात तशातलाच प्रकार. पण त्याचा परिणाम बघा. दीडशे वर्षांपूर्वी कोकणातून नाहीतर घाटावरून गेलेली एखादी अडाणी बाई, तिचं स्वतःचं नाव, तिच्या बापाचं नाव, तिचं गाव आज कागदावर सापडतं. तिची पणती संस्थेत जाऊन कागद मागते आणि तिला तो मिळतो. आणि तिची जी बहीण इथंच राहिली, शिरूरच्या एखाद्या वाडीतून दौंडच्या एखाद्या गावात दिली, जिनं जन्मभर इथंच शेत केलं, तिचा माग कुठंच लागत नाही.

मैत्रिणींनो, याचा विचार करा. समुद्रापार गेलेली सापडते आणि दहा कोसांवर दिलेली हरवते.

माग कसा काढतात

तिकडची माणसं आता इकडं शोध घ्यायला येतात. आपल्या केंद्र सरकारनं २००८ मध्ये परदेशातल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी मूळ शोधून देण्याची एक योजनाही सुरू केली. २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या होत्या, तेव्हा सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय कार्ड मिळेल असं जाहीर झालं. सात पिढ्या! म्हणजे उद्या तुमच्या गावच्या पारावर एखादं कुटुंब येऊन उभं राहील आणि हातातला कागद पुढं करेल, की आमची आजीची आजी इथली. तेव्हा आपल्याला काय सांगता येईल?

पहिली अडचण नावाची. तिकडं वही लिहिणारा कारकून आपली भाषा न जाणणारा. कानाला जसं लागलं तसं त्यानं इंग्रजीत लिहिलं. लक्ष्मणचं लक्झिमन झालं. 'ळ' आणि 'ण' तर त्यांच्या लिपीतच नाहीत. आडनाव बहुतेक लिहिलंच नाही, माणूस आणि त्याचा बाप एवढंच. मग पुढच्या पिढीत बापाचं नाव हेच आडनाव झालं. सखारामची पोरं सगळी 'सखाराम' आडनावाची. तेव्हा इकडची आडनावं घेऊन तिकडं शोधायला गेलात तर सहजी काही लागायचं नाही. स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव, या तीन गोष्टींची गाठ पडली तरच माणूस ओळखू येतो.

दुसरी अडचण गावाची. कागदावर 'शिरूर' लिहिलंय म्हणून ते आपलंच असं नाही. बीडला शिरूर कासार आहे, लातूरला शिरूर अनंतपाळ आहे, आणि आपल्या शिरूरला तर लोक घोडनदी म्हणायचे. केडगाव एक आपल्या दौंड तालुक्यात, दुसरं नगरजवळ. नगरचंही आता अहिल्यानगर झालं. दौंडला इंग्रज 'धोंड' लिहायचे, आणि आजचा दौंड-बारामतीचा भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडायचा. आपल्याकडचं पाबळ हेही एके काळी तालुक्याचं ठिकाण होतं. जुना कागद वाचताना त्या वेळचा तालुका माहीत नसला तर माणूस हाताशी येऊन निसटतो. म्हणून जिल्हा, तालुका आणि शेजारची दोन गावं एकत्र बघायची.

इकडं कुठं बघायचं? गावातल्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर. तहसीलच्या अभिलेख कक्षातली जन्ममृत्यूची नोंद, जिला गाव नमुना १४ म्हणतात. जुने फेरफार. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा आपल्यापैकी कितीतरी घरांनी हे कागद पहिल्यांदा पाहिले. त्यातले जुने मोडीत, ते वाचणारी माणसं शोधावी लागली. सरकारी कागदांशिवाय त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या असतात. यात्रेला कोण आलं, कुठल्या गावचं, बापाचं नाव काय, भाऊ कोण, असं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं. पुण्याला पेशवे दफ्तर आहे, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, ती बाईची. वर सांगितलेल्या कागदांत पुरुषाची साखळी कशीबशी लागते. बाईची लागत नाही. लग्नात तिचं आडनाव जातं, बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि आपल्याकडं तर नावसुद्धा बदलायची रीत. तांदळात लिहिलेलं नवं नाव घेऊन ती सासरी येते. माहेरच्या कागदावर ती नाही, कारण ती परक्याचं धन. सासरच्या कागदावर ती नवरा गेल्यावर विधवा म्हणून आलीच तर येते. परागंदा हा शब्द आमच्या वंशावळीत एकाच पुरुषापुढं आहे. खरं बघायला गेलं तर त्या झाडातली प्रत्येक बाई आपापल्या माहेरच्या कागदावरून परागंदा आहे.

आपली वही

हे दीडशे वर्षांपूर्वीचं झालं म्हणून सोडून देऊ नका. दिवाळीनंतर आपल्याकडं बीडकडून, नगरकडून ऊसतोडीला टोळ्या येतात. उचल घेऊन येतात, फेडली की जातात. मुकादमाच्या वहीत एक कोयता लिहिलेला असतो. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. नाव नवऱ्याचं. ती पहाटे त्याच्याबरोबर फडात उभी असते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते, पण वहीत ती अर्धा कोयता. गिरमिटाच्या वहीत निदान तिला तिचा नंबर होता. तशीच दौंडकडच्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेली पोरं काम करतात. त्यांच्या गावी आई असेल, ती कुणाला विचारत असेल? त्याच मुलखातली माणसं तेव्हा मोरसला गेली होती, उसापायीच.

कागदाचं आणि आपल्या लोकांचं नातं कडूच राहिलंय. १२ मे १८७५ ला इथंच जवळ सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि खतपत्रं, रोखे बाहेर काढून जाळले. ते लोण भीमथडीत, शिरूरला, इंदापूरला, पुरंदरला पसरलं. जीव घेण्याकडं त्यांचा रोख नव्हता, कागदाकडं होता. कारण कागदानं जमीन जात होती. अंगठा दिला की काय लिहिलंय ते कळायचं नाही. तेव्हापासून आपल्या जुन्या बायांना वाटतं, कागदापासून लांब राहिलेलं बरं. पण ज्या कागदावर आपण नाही, तो कागद आपल्या बाजूनं कधी बोलत नाही. जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क २००५ च्या कायद्यानं दिला. पण वंशावळीत मुलगी दाखवलीच नाही, तर तिनं हक्क सांगायचा कशावरून?

काही बदललंय, तेही सांगते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं आपल्या राज्यात बंधनकारक झालंय. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव. म्हणजे आज जन्मलेल्या पोरीचा माग शंभर वर्षांनी कुणी काढला तर आई सापडेल. पण आज जी पन्नाशीची, सत्तरीची आहे, तिचं काय? तिची नोंद आपण करायची.

आपल्या गटाच्या बैठकीला दर महिन्याला वही असतेच. त्या वहीच्या मागं, नाहीतर वेगळी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक सदस्येचं एक पान. त्यावर लिहायचं: आजचं नाव. लग्नाआधीचं नाव, नाव बदललं असेल तर दोन्ही. आईचं नाव आणि आईचं माहेर. वडिलांचं नाव. जन्मगाव, तालुका, जिल्हा, आणि तालुका बदलला असेल तर जुना. आजीचं नाव, आईकडची आणि वडिलांकडची दोन्ही. लग्नाचं साल. लेकरांची नावं, मुलींची धरून, आणि त्या कुठं दिल्या ते. साल आठवत नसेल तर दुष्काळावरून, पुरावरून काढा. बहात्तरच्या दुष्काळात मी किती होते, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे की आईच्या कडेवर होते, असं विचारलं की वय निघतं.

लिहिता येत नसेल तिचं गटातल्या मुलीनं लिहून घ्यायचं, आणि लिहिलेलं तिला मोठ्यानं वाचून दाखवायचं. गाव, नाव बरोबर आहे ना, ते तिनं स्वतः ऐकायला हवं. म्हाताऱ्या बायांकडं आधी जा. त्यांना त्यांच्या आजीचं नाव माहीत असतं, आपल्याला नसतं, आणि ते विचारायला फार दिवस हातात नसतात. घरातून कुणी गाव सोडून गेलेलं असेल, मुंबईला, सुरतेला, पल्याडच्या राज्यात, तर त्याचंही पूर्ण नाव, त्याच्या आई-बापाचं नाव आणि गेल्याचं साल लिहा. परागंदा एवढंच लिहू नका. आणि ऊसतोडीच्या टोळीतली बाई खळ्यावर पाणी मागायला आली तर तिला तिचं नाव विचारा, कुणाची बायको ते नंतर.

आमच्या गटात आम्ही बारा जणींची पानं लिहून काढली. त्यात सात जणींना आईच्या आईचं नाव सांगता आलं नाही. दोघींनी माहेरी फोन लावून विचारलं. एकीला समजलं, की तिच्या आजीचं नाव आणि तिचं जन्मनाव एकच होतं. लग्नात बदललं म्हणून ती ते विसरूनच गेली होती. आता बैठकीत तिला आम्ही त्याच नावानं हाक मारतो.

मोरसच्या वहीत नाव घालायला त्या बायांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला आपली वही आपण लिहायला कुणाची आडकाठी नाही. पुढच्या महिन्याच्या बैठकीत पहिलं पान लिहा.